हरळी आणि हिरवा रंग

हल्ली आमच्या घरात दुपारनंतर वर्तमानपत्र अखंड सापडत नाही. पानांच्या कडा बोटभर रुंदीने कापलेल्या असतात आणि चहा घेऊन शब्दकोडे सोडवायला बसलेल्या पत्नीला उभे शब्द अर्ध्यावरच सोडावे लागतात. अपराधी मी आहे. बाहेरच्या खोलीत जुन्या धोतराखाली झाकून ठेवलेले गवत कापायचे मशीन मी दर दोन-तीन दिवसांनी उघडतो, कागदाची पट्टी खालच्या पात्यावर धरतो आणि वरचा पात्यांचा पिंजरा हाताने हळूच फिरवतो. कागद न चुरगळता, न फाटता नुसता सुटून खाली पडला की जिवाला बरे वाटते. आमच्या घरापुढे, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या बऱ्याच घरांपुढे असते तशी, शहाबादी फरशी आहे. गवत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका भंगाराच्या दुकानात मी पाण्याच्या मोटारीचे झाकण शोधायला गेलो होतो. झाकण मिळाले नाही. ढिगाच्या तळाशी मात्र दोन बिडाच्या चौकटी आणि त्यांच्यामध्ये पीळ दिलेल्या पात्यांचा गंजून घट्ट बसलेला पिंजरा दिसला. दुकानदाराला ते काय आहे हे ठाऊक नव्हते. "शेवया पाडायचं असंल," असे म्हणून त्याने ते काट्यावर चढवले आणि बिडाच्या भावाने मला दिले. शेवयांच्या मशीनला लाकडी रूळ कशाला लागेल, हा प्रश्न त्यालाही पडला नाही आणि मीही त्याच्या मनात भरवला नाही, कारण भाव वाढला असता.

मला ते लांबूनच ओळखू आले होते. अशाच एका मशीनपुढे मी लहानपणी दोरी ओढलेली आहे. माझे मामा ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यावर माळी होते. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की ते मशीन बाहेर काढायचे, तेलाच्या कुपीने दोन्ही बाजूंच्या छिद्रांत चार-चार थेंब सोडायचे आणि मला आधी सगळ्या हिरवळीवरून खडे वेचायला लावायचे. एखादा खडा राहून गेला आणि पात्यात सापडला की "टण्ण" असा आवाज यायचा, आणि मामा शिवी न देता फक्त थांबायचे. त्यांचे ते थांबणे शिवीपेक्षा वाईट असे. खडे वेचून झाले की दोरीचा फास माझ्या छातीवरून घेऊन मी पुढे ओढायचो, मामा मागून दांडा रेटायचे आणि आमच्या दोघांच्या मध्ये खर्र-खर्र करीत हिरवा चुरा पेटीत उडत राहायचा. त्यातला निम्मा माझ्या ओल्या पोटऱ्यांना चिकटायचा. मजुरी म्हणून भडंगाचा पुडा मिळे.

ते गवत म्हणजे हरळी होती, हे मला फार उशिरा लक्षात आले. मामांचे स्वतःचे वीस गुंठे रान पन्हाळ्याच्या बाजूला होते, आणि तिथे ते रविवारी कुदळ घेऊन हीच हरळी मुळासकट खणून बांधावर उन्हात वाळत टाकायचे, कारण मुळीचा एक तुकडा जरी उसाच्या सरीत राहिला तरी पुढच्या पावसात ती पुन्हा हातपाय पसरते. सोमवारी तेच मामा बंगल्यावर तिला झारीने पाणी घालत. त्यांना यात काही विसंगत वाटत असावे असे मला कधी दिसले नाही. पगार सोमवारचा होता.

मशीन घरी आणल्यावर मी त्याच्याविषयी वाचू लागलो. एडविन बडिंग या इंग्लिश कारागिराने ग्लॉस्टरशायरमधल्या थ्रप या गावी १८३० साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते, आणि जे कापडाला चालते ते जमिनीला का चालू नये, एवढाच विचार त्याने केला. इचलकरंजीत अर्धे आयुष्य कापडात घालवलेल्या एका मित्राला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे लॉन हे साहेबाचं कापडच की." पुढे १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने हे यंत्र बनवण्याचा परवाना घेतला. पेटंटाच्या अर्जात बडिंगने असेही म्हटले आहे की, खेड्यात राहणाऱ्या सद्गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम दोन्ही सापडतील. आमच्या बंगल्यावरच्या साहेबांना मी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतून उठलेले फारसे पाहिले नाही. करमणूक आणि व्यायाम हे दोन्ही मामांच्या वाट्याला आले होते.

गंज काढायला मी उसाची मळी वापरली. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी यांच्या पिंपात बिडाचे सुटे भाग बुडवून पंधरा दिवस विसरून जायचे, एवढीच ती कृती आहे. मळी गंज तेवढा सोडवून घेते आणि चांगल्या धातूला फारसा धक्का लावत नाही. कोल्हापुरात जनावरांच्या खाद्यासाठी ती मिळते, त्यामुळे खर्च नगण्य. पण तिसऱ्या दिवसापासून पिंपाला जो वास सुटला, तो साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांनाच सांगता येईल. मुंग्यांची रांग गच्चीवरून थेट स्वयंपाकघरापर्यंत आली. पंधराव्या दिवशी चौकटी बाहेर काढून पाण्याच्या फवाऱ्याखाली धरल्या, तेव्हा काळा लगदा ओघळून गेला आणि खालून करडे, स्वच्छ बीड दिसू लागले. त्यावर ओतीव अक्षरे होती, आणि त्यांतले "इप्सविच" हे अक्षर-अक्षर लावून वाचताना माझा चष्मा पाण्याच्या तुषारांनी भरून गेला होता. निदान मी पत्नीला तसे सांगितले.

पुढचे काम उद्यमनगरच्या कारखान्यांतले. एका गिअरचे दोन दात मोडलेले होते. तिथल्या मिस्त्रींनी तो हातात फिरवून पाहिला, किती जुना हे विचारले नाही, आणि चौथ्या दिवशी नवा कापून दिला. खालचे पाते ट्रकच्या पाट्यातून काढले. मग व्हॉल्व्ह घासायची पेस्ट पात्यांना लावून पिंजरा तासन् तास उलटा फिरवायचा, म्हणजे वरची पाती आणि खालचे पाते एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाची होतात. या उलट फिरवण्यात मला जो आनंद झाला, तो नोकरीच्या तीस वर्षांत झाला नाही.

भांडण झाले ते रंगावरून. बिडाच्या ओतकामावर वाळूच्या साच्याचा बारीक रवा उतरलेला असतो, आणि ओतकामाच्या या गावात तो कुणाला सांगायची गरज पडू नये. कारखान्यातून बाहेर पडताना मशीनवर रंग होता तो त्या रव्यावरच. पण ज्या पेंटरकडे मी चौकटी दिल्या, त्याला दसऱ्याला निघणाऱ्या छत्रपतींच्या मेबॅक गाडीखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे दिसत नसावे. त्याने सगळीकडे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वॉटर पेपरने घासली, रेड ऑक्साइडवर हिरव्या डुकोचे चार हात मारले आणि आरशासारखे झालेले मशीन अभिमानाने माझ्यापुढे ठेवले. "इप्सविच"मधली निम्मी अक्षरे लांबीखाली गाडली गेली होती. ती मी दाभणाने चार दुपारी बसून उकरली. नव्यासारखे करणे आणि लग्नाचा नवरदेव करणे यात फरक आहे, असे मी त्याला सुनावले. माझे म्हणणे आजही तेच आहे. मात्र लांबी काढून पुन्हा साधा रंग द्या, असे मी म्हणालो नाही, कारण खिडकीतून ऊन आले की ते चकाकणे मला मनापासून आवडू लागले होते.

गेल्या वर्षी हरितालिकेच्या आदल्या दिवशी मामा आले. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. मी धोतर बाजूला केले. त्यांनी चौकटीवर, दांड्यावर, रुळावर हात फिरवला आणि म्हणाले, "रंग झक्कास दिलाईस." मी तत्परतेने वर्तमानपत्राची पट्टी कापून दाखवली. ते थोडा वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले.

"पेपर न्हवं लेका. गवत कापतंय का?"

गवत नाही, हे सांगण्याची सोय नव्हती, कारण मामांना घराच्या मागचा भाग ठाऊक होता. मोरीच्या पाण्यावर कंपाउंडच्या भिंतीलगत दोन हात लांबीची हरळी वाढते आणि गणपतीच्या दुर्वांसाठी पत्नी तिला कुणाला पाय लावू देत नाही. पत्नी बाजारात गेली होती. आम्ही दोघांनी मशीन उचलून मागे नेले. मामांनी आधी खडे वेचायला लावले. मग दांडा धरून म्हणाले, "दोरी?" दोरी नव्हती, म्हणून मी झाकायचे धोतर पुढच्या आडव्या दांडीला बांधले आणि साठी उलटलेल्या छातीवरून घेतले. सगळे मिळून पाव मिनिट चालले असेल. खर्र-खर्र असा आवाज झाला, पोटऱ्यांना काहीतरी ओले चिकटले, आणि भिंतीजवळ वळताना उजवी चौकट सिमेंटवर करकरली.

मामा गेल्यावर मी पाहिले. चार बोटांएवढा ओरखडा होता, रंगाखालच्या लांबीपर्यंत गेलेला. दुसऱ्याच दिवशी मी उरलेल्या डब्यातला रंग ब्रशने लावला. फवाऱ्याने मारलेल्या रंगावर ब्रशचा हात लपत नाही, त्यामुळे आता तिथे एक फिकट ठिगळ दिसते आणि मी ती बाजू भिंतीकडे करून ठेवतो. मामांना हे सांगितलेले नाही. चतुर्थीला एकवीस दुर्वांची जुडी महाद्वार रोडवरून विकत आणावी लागली, आणि ती आणायला अर्थातच मला पाठवण्यात आले.