बाईंचे लेखनिक

आठवीत बाईंनी मला लेखनिक म्हणून निवडलं, तेव्हा माझं अक्षर बरं आहे म्हणून असेल असं मला वाटलं. पुढे कळलं की मी दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडत नाही, एवढीच माझी पात्रता होती.

दहावीतली एक ताई सांगेल तसे तिचे पेपर लिहायचे होते. तिला डिस्लेक्सिया होता, म्हणजे बुद्धी असूनही वाचण्या-लिहिण्यात अडचण. तोंडी विचारलं तर इतिहासाचा धडा धडाधड सांगायची. वाचताना मात्र 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत अडकायची. पहिल्या वेलांटीशी तर तिचं वैरच होतं. उच्चारात स्वर व्यंजनामागून येतो आणि कागदावर वेलांटी पुढे येऊन उभी राहते!

बाई मूळच्या मराठीच्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा अशी मुलं 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर जात. त्यांनी पुढे विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीत अशा मुलांना वेगळी मदत देणारा संसाधन कक्ष थाटला. कुणी कुरकुर केली की त्या एक जुनी हकीकत सांगत. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी वाचता न येणाऱ्या एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत त्यात नोंदवलं आहे. "डॉक्टरांच्या आधी मास्तरांना कळलं होतं," हे बाई जरा तोऱ्यातच म्हणत.

लेखनिकाचा सराव बाई वर्षाच्या सुरुवातीपासूनच घेत. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, बरोबर पर्यायावर आवाज चढवायचा नाही. ताई चुकीचं सांगेल तर चुकीचंच लिहायचं. भुवई हलली किंवा पेन अडखळलं तरी तिला सुगावा लागतो, आणि मग मिळालेले गुण तिचे राहत नाहीत, यावर बाईंचा कटाक्ष होता.

ताईची मेहनत माझ्याहून जास्त. आधी प्रश्नक्रमांक सांगायचा, परिच्छेद कुठे तोडायचा, आकृतीत कोणतं नाव कोणत्या भागाला, सगळं बोलून. वाक्य डोक्यात पुरतं जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. लिहिलेलं परत वाचून घ्यायचं. अशा मुलांना परीक्षेत मिळणारा जादा वेळ खर्च होतो तो यात. त्याला सवलतीची खैरात म्हणणाऱ्यांनी एकदा तीन पानी निबंध कागदाकडे न बघता दुसऱ्याला सांगून पाहावा.

कमी ऐकू येणारा एक मुलगा माझ्याच वर्गात होता. बाई फळ्याकडे तोंड करून कधी बोलल्या नाहीत, खिडकीला पाठ करूनही नाही. उजेड मागून आला की ओठ दिसत नाहीत. आधी लिहायचं, मग वळून सांगायचं. त्याच्यासाठी केलेल्या या सोयीमुळे आम्हा बाकीच्यांच्या वह्याही पहिल्यांदाच पूर्ण झाल्या, हे कबूल करायला हवं.

ताई पास झाली. निकालानंतर गणिताच्या गुणांवरून माझ्याशीच भांडली, मी आकडे गिचमिड काढले म्हणून. बाईंनी तिचीच बाजू घेतली.

लेखनिकांसाठी बाईंनी हाताने लिहिलेला सूचनांचा एक पानी कागद होता. तो कपाटात सापडला तर संपादकांनी याच स्मरणिकेत छापावा. माझ्या लेखाची जागा त्यासाठी कमी केली तरी चालेल.