आमची वाटचाल : फेरीबोट, खाजन आणि सायकल

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी मांडवी नदीकाठच्या एका बार्ज (खनिज वाहणारी बोट) वर्कशॉपमध्ये फिटर होतो. खनिज नाही तर बार्ज नाही, आणि बार्ज नाही तर फिटर पोसणार कोण? हिशेबाच्या कागदावर सही घेतली आणि घरी पाठवलं. त्या हिशेबातली थोडी रक्कम अजून यायची आहे, असो. बरोबरच्यांनी टॅक्सी घेतल्या, कुणी भाड्याने स्कूटर द्यायला लागले. मी पाहुण्यांना फिरवायला सायकली घेतल्या. रायबंदरच्या चहाच्या टपरीवर त्यावर बरीच करमणूक झाली.

सायकलीच का, याचं उत्तर मांडवीतल्या दिवाडी बेटावर गेल्याशिवाय कळायचं नाही. बेटाला रस्त्याचा पूल नाही. कोकण रेल्वेचा आहे, पण गाडी थांबत नाही. जायचं ते फेरीबोटीने: जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, नाहीतर रायबंदरहून, नाहीतर पलीकडे डिचोलीच्या बाजूने नार्व्याहून. फेरी लागली की गाड्या भर्रकन उतरतात, आपापल्या वाड्यावर (वस्तीवर) जातात आणि पुढची फेरी येईपर्यंत रस्ता रिकामा. आम्ही नेहमी सगळ्यांत शेवटी उतरतो. पाहुणे पहिल्या दिवशी घाई करतात, त्यांना दांडीला धरून उभं करावं लागतं. शेवटची जीप वळणाआड गेली की मग पॅडलवर पाय.

पैसा माझा, पण जागा आणि हात मेस्त्रींचे. रायबंदरच्या उतारावर त्यांचं पंक्चरचं जुनं दुकान होतं. कागदोपत्री भागीदारी अशी कधी झालीच नाही. मी बोल्ट-नटांचा माणूस, मला वाटायचं सायकल म्हणजे काय मोठंसं! मेस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात माझा पाना काढून घेतला. त्यांची चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायची पद्धत बघत बसावी अशी. स्टँड वगैरे काही नाही. सायकल उलटी करायची, फोर्कला अंगठा टेकवून रिमपासून केसभर अंतरावर खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. खडूची रेघ जिथे उमटेल तिथे रिम त्या बाजूला आलेली. मग समोरच्या बाजूच्या स्पोकचं निपल (टोकाचं नट) पाव फेरा आवळायचं, या बाजूचं तेवढंच सैल करायचं, रेघ पुसायची, पुन्हा फिरवायचं. रेघ अखंड गोल उमटली की चाक सरळ. नव्या पोरांना यंत्रावर विश्वास असतो, त्यांनी हे एकदा करून बघावं.

खाजनात (बांध घालून मिळवलेल्या सखल शेतात) सायकल चालवणाऱ्याचा खरा शत्रू चढ नव्हे, खारा चिखल. दिवाडी, चोडण, करमळी इथली खाजनं भरतीच्या पातळीखालची. पूर्वजांनी माती, पेंढा आणि जांभा दगड घालून बांध रचले आणि नदीकडून शेत काढून घेतलं. गोव्यात अशी खाजनं सुमारे १८,००० हेक्टर आहेत. पावसाने मीठ धुऊन निघालं की कोरगूट भात, कापणीनंतर त्याच पाण्यात मासळी. बांधावरचा चिखल चेनला लागला आणि रात्रभर राहिला तर सकाळी चेन तांबडी. आमच्याकडे संध्याकाळी सायकल आली की आधी गोडं पाणी, मग रॉकेलचा ब्रश, कोरडं फडकं आणि शेवटी तेल. तेल लावल्यावर पुन्हा पुसायचं, कारण वर राहिलेलं तेल फक्त धूळ ओढतं. विचारलं नाहीत तरी सांगतो, सपाट खाजनात गिअरची सायकल घेऊ नका. डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) चिखल बसला की ती ढकलत आणावी लागते. साधी एक चेन, एक फ्रीव्हील, पुरा मडगार्ड, रुंद टायर. ब्रोशरमध्ये गरीब दिसते, पण घरी परत येते.

वेळापत्रक आम्ही घड्याळावर लावत नाही, भरतीवर लावतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून आज सातला निघालेला गट चार दिवसांनी त्याच वाटेवर दहाला निघतो. ओहोटी लागली की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तुताऱ्या (पाणपक्षी) आणि बगळे त्यावर उतरतात. भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी, आम्ही हमखास थांबतो. लाकडी दारं अशी बसवलेली की नदी चढली की तिच्याच दाबाने बंद होतात, नदी उतरली की आतल्या पोंयीचं (शेतातल्या खोलगट तळीचं) पाणी ती ढकलून उघडतं. मोटर नाही, माणूस नाही. ओहोटीला तिथे जाळं लावलेलं असतं, मासेमारीच्या हक्काचा लिलाव झालेला असतो, तेव्हा दारावर उभं राहून सेल्फी काढायचा नाही. हे मी प्रत्येक गटाला सांगतो आणि प्रत्येक गटात एकजण तरी काढतोच.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते त्या ‘मोठ्या’ कंपनीचं.

किनारपट्टीवरून आले. पैसा होता, हॉटेलांच्या ट्रॅव्हल डेस्कला आमच्या दुप्पट कमिशन द्यायची ताकद होती, जाड टायरच्या बॅटरीवाल्या सायकली होत्या. वाट माहीत नव्हती, म्हणून माझा वाटाड्या पोरगा फोडला. त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी लग्न होतं. पण बेटावरच्या पिएदादच्या टेकडीवरून कुठे उतरायचं, कुठल्या आजीच्या अंगणात पाणी मागायचं, कुठल्या बांधावर एकामागे एक जायचं, ही मी हंगामामागून हंगाम घालून शोधलेली वाट त्यांनी आठवड्यात उचलली. फक्त एकामागे एक जायचं तेवढं उचलायचं राहिलं. दोघे-दोघे जोडीने, सायकलच्या दांडीला स्पीकर बांधलेला.

जून लागला तरी त्यांचे गट चालू. बांधाचा माथा भिजला की आम्ही थांबतो, कारण आत कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बिळं केलेली असतात आणि वरून ते कळत नाही. जाड टायरची चाकोरी पडली, चाकोरीत पाणी साचलं, ते बिळातून खाली उतरलं आणि अमावास्येच्या भरतीला बांधाचा तुकडा खचला. खारं पाणी पेरलेल्या शेतात. कोरगूट खारटपणा सोसतं हे खरं, पण नुकत्या रुजलेल्या भातावर पाणी उभं राहिलं तर तेही कुजतं. रात्री बॅटऱ्या लावून अख्खा वाडा चिखल आणि पेंढा घालत होता. मी आणि मेस्त्रीही होतो. कंपनीचं कुणी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात बैठक. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधाची काळजी कुळांच्या संघटनेकडे, म्हणजे शब्द त्यांचाच. ठराव झाला की बांधावर सायकल नको, कुणाचीच. मी संघटनेच्या जुन्या अध्यक्षांच्या घरी गेलो. आटवलेली मासळी पुढे ठेवून ते म्हणाले, “तुका सोडलो जाल्यार हेर कितें म्हणटले?” (तुला सोडलं तर बाकीचे काय म्हणतील?) बोलायला काही उरलंच नाही.

तो हंगाम मी बांधाविना काढला. डांबरी रस्त्यावरून फिरायला लोक दिवाडीला कशाला येतील? आगाऊ घेतलेले पैसे परत दिले, पतसंस्थेचे हप्ते थकले, निम्म्या सायकली विकायला काढल्या. गिऱ्हाईक बघायला आलं त्या सकाळी दुकानात सगळ्या सायकली पुढच्या चाकाविना उभ्या. मेस्त्रींनी रात्रीत चाकं काढून आपल्या घराच्या वाशांना टांगली होती. “चाकं आऊट आहेत, काम चालू आहे,” एवढंच म्हणाले. ते काम त्यांनी दिवाळीपर्यंत चालू ठेवलं.

आणि पुण्याच्या काकू. बँकेतून निवृत्त झालेल्या, दर डिसेंबरात येतात, टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची चामड्याची सीट घेऊन. निळी सायकल त्यांची ठरलेली. सीट बसवायचा बोल्ट आवळायला त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. बांध बंद असल्याचं फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “अरे, मग नार्व्याला नेशील की नाही?” त्यांच्यामुळे नार्व्याची सहल आली. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदीपार गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिकडच्या नार्व्यात देऊळ पुन्हा उभारवलं. दिवाडीच्या नार्व्यातून डिचोलीच्या नार्व्यात तीच नदी ओलांडून जायचं, सायकल फेरीबोटीत घालून. पुणे-सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना ही वाट इतकी भावली की आज आमची निम्मी बुकिंगं त्याच वाटेची असतात. किनाऱ्यावरच्या ट्रॅव्हल डेस्कना आम्ही विचारणंच सोडलं.

पुढच्या वर्षी बांध उघडला, अटींवर. फक्त भात कापल्यापासून मे अखेरपर्यंत, एका वेळी सहाच सायकली, मानशीवर उतरून चालत, आणि दर माणशी ठरलेली रक्कम बांधाच्या डागडुजीला. या अटी मीच लिहून नेल्या होत्या. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनो, परवानगीचा कागद पंचायतीकडून घ्याच, पण आधी कुळांच्या घरी जा आणि पावसाळ्यात जा, हंगामात सगळेच जातात.

कंपनीने दोन हंगामांत गाशा गुंडाळला. बॅटऱ्यांच्या जोडण्यांना खारी हवा मानवली नाही म्हणतात. सायकली विकायला काढल्या तेव्हा मी आणि मेस्त्री बघून आलो. स्पोक हाताने मोडत होते. दोन पंप तेवढे घेतले, ते चांगले निघाले. त्यांची वेबसाइट मात्र अजून चालू आहे आणि पहिल्याच पानावर बांधावरून जाणाऱ्या एका बाईंचा पाठमोरा फोटो आहे. निळी सायकल माझी, सीट काकूंची. काढून टाका म्हणून तीनदा लिहिलं, उत्तर नाही. काकू म्हणतात, राहू दे, फोटो बरा आलाय.