चेसिस एक, बॉडी दोन: गाडी अडते ती जोडावर

चेसिस (चाकांसकट खालचा सांगाडा) एकच, वरची बॉडी बदलायची, अशी सकाळी माल आणि दुपारी माणसं वाहणारी एकच छोटी इलेक्ट्रिक गाडी करायची म्हटलं की सगळी चर्चा मोटर आणि बॅटरीभोवती फिरते. तो हिशोब खरं तर चटकन उरकतो. भारासकट 500 किलोची गाडी 10 टक्के चढावर ताशी 20 किलोमीटरने न्यायला चाकांशी साधारण 3 किलोवॉट लागतात. 16 एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये लावले की 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाचे घेतले की सुमारे 5 किलोवॉट-तास. चढावर 70-75 अँपिअर ओढले जातात, फ्यूज आणि वायर त्या बेताने. पूर्ण चार्जला पॅक 58.4 व्होल्टवर जातो, म्हणजे कमी व्होल्टेजच्या 60 व्होल्टच्या मर्यादेआतच राहतो.

डोकं लावायचं ते जोडावर, म्हणजे चेसिस आणि बॉडी जिथे जुळतात तिथे. बॅटरी, मोटरचा कंट्रोलर, ब्रेक, स्टिअरिंग सगळं चेसिसवरच ठेवा. बॉडीकडे जावं फक्त 12 व्होल्ट आणि कॅनच्या, म्हणजे कंट्रोलर एकमेकांना संदेश पाठवतात त्या, दोन वायर. जाड पॉवर केबल जोडावरून नेली की कुणीतरी चालू लोडवर प्लग ओढतोच, आणि ठिणगीने पिना जळतात.

कॅनची गफलत नेहमीची. कॅन लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. त्यातला शेवटचा बॉडीत बसवलेला असतो, बॉडी उतरली की तोही जातो. वायरिंग लहान असेल तर गाडी तरीही चालते, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग अधूनमधून एरर येऊ लागतात. सप्लाय बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये मल्टिमीटर लावा. 60 ओहम हवेत. 120 आले तर एक रेझिस्टर गायब, 40 आले तर एक जास्तीचा. दोन्ही रेझिस्टर चेसिसवर, कॅन लाइनच्या दोन टोकांना लावा. बॉडीतला स्वतंत्र कंट्रोलर कनेक्टरला खेटून बसवा, मुख्य लाइनपासून त्याच्याकडे जाणारी शाखा 30 सेंटीमीटरच्या आत राहू दे.

बॉडी चारही कोपऱ्यांत घट्ट आवळू नका. एक चाक खड्ड्यात गेलं की चेसिस पिळते, दरवाजे अडकतात, पुढे कोपऱ्यांतले वेल्ड तडकतात. मागे दोन पक्के आधार आणि पुढे मधोमध रबर बुशवर एक, एवढं पुरतं. जागेवर बसवायच्या दोन पिनांपैकी एकीला गोल भोक, दुसरीला लांबट. दोन्ही गोल ठेवली तर वेल्डिंगमधल्या मिलिमीटरभर फरकानेही बॉडी बसत नाही, आणि मग हातोडा निघतो.

कुठली बॉडी चढवली आहे हे चेसिसवरच्या कंट्रोलरला कळायला कनेक्टरमध्ये एक ओळख-रेझिस्टर द्या, प्रत्येक बॉडीला वेगळ्या ओहमचा. प्रवासी बॉडीचा गुरुत्वमध्य उंच असतो, तिथे वेगमर्यादा कमी हवी. कनेक्टरची पिन तुटली की वाचन ‘उघडं’ (सर्किट तुटलेलं) येतं. ते रिकामी चेसिस म्हणून नव्हे, अनोळखी बॉडी म्हणून धरा आणि सगळ्यात कमी वेग द्या.