तुम्ही विचारलंत म्हणून: वाचनालयानं गावात पैसा येतो का?

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी पुस्तकांची देवघेव बघते. वर्गणीची पावती फाडताना कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, वाचनालयानं गावात पैसा येतो का हो?" प्रश्न रास्त आहे. सुबत्ता असलेल्या गावात वाचनालयही बरं असतं. मग आधी काय आलं, हे ओळखायचं कसं?

मला पटलेलं उत्तर अमेरिकेतलं आहे. पोलाद उद्योगातले धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी यांनी तिथे 1,600हून जास्त सार्वजनिक वाचनालयांच्या इमारतींना पैसे दिले. काही गावं त्या पैशाला पात्र ठरली, पण त्यांनी तो नाकारला. एन्रिको बर्केस आणि पीटर नेन्का या अर्थशास्त्रज्ञांनी ही गावं आणि वाचनालय झालेली गावं शेजारी ठेवून पाहिली. वाचनालय झालं तिथे पुढच्या वीस वर्षांत पेटंटं, म्हणजे नव्या शोधांवरचे हक्क, नकार दिलेल्या गावांपेक्षा जास्त निघाली.

मला मात्र कार्नेगींची अट फार मोलाची वाटते. जागा गावानं द्यायची, आणि मिळालेल्या रकमेच्या दहा टक्के दरवर्षी गावानंच वाचनालयावर खर्चायचे. दिवाबत्ती, पगार, नवी पुस्तकं, सगळं गावाच्या करातून. केरळ, तमिळनाडूत ग्रंथालय कर आहे. महाराष्ट्राच्या 1967च्या कायद्यात तो नाही. त्यामुळे आम्ही अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, आणि हप्ता लांबला की पहिली कात्री नव्या पुस्तकांना लागते. हे मला मनापासून खटकतं.

आमच्याकडे डाळिंबाची बाग असलेले एक वाचक येत. फळांवर काळे डाग पडले म्हणून ते बुरशीनाशकं फवारत होते, फरक काही पडेना. शेतीविषयक मासिकांच्या जुन्या अंकांत त्यांना तेल्या हा डाळिंबाचा रोग सापडला. तो जिवाणूंमुळे होतो, नुसत्या बुरशीनाशकानं आवरत नाही. तीन संध्याकाळी बसून त्यांनी वहीत सगळं उतरवून घेतलं, वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेले. बाग पूर्ण सावरली नाही, पण फुकटची फवारणी थांबली. तो वाचलेला पैसा आमच्या वार्षिक अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचा?

ते यायचे शेतातून परतल्यावर, साडेसातच्या पुढे. आठला कुलूप लागायचं. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा, ही मागणी मी कार्यकारिणीपुढे यंदाही मांडणार आहे.