बस्त्याच्या दिवशी मी दुकानातून उठून गेले

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि गेली काही वर्षं फक्त चक्कर आणि तोलाचेच पेशंट बघते. त्यातले एक काका, वय ५४, लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात तीस वर्षं सेल्समन, त्यांच्या कामावर परतण्याच्या दिवसाबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

त्यांची सुरुवात अगदी नेहमीसारखी. एकदा पहाटे कुशीवर वळले आणि अख्खी खोली गरगर फिरली, उलट्या झाल्या. ते होतं बीपीपीव्ही, म्हणजे कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि डोकं हलवलं की मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डॉक्टरांनी इप्लीची मॅन्युव्हर केली, डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणले, आठवड्यात गरगरणं थांबलं. पण काका बरे झालेच नाहीत. गरगर गेली आणि तिच्या जागी एक डुलणं आलं. "मॅडम होडीत उभं असल्यासारखं वाटतं, झोपलो की थांबतं, उभा राहिलो की सुरू." मग कोणीतरी मानेचा पट्टा घालायला लावला, तो दोन महिने घातला, चक्करेच्या गोळ्या चालूच, एमआरआय नॉर्मल, आणि एमआरआय नॉर्मल आला की लोक जे म्हणतात ते म्हणायला लागले, मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका. या वाक्याने माझ्या पेशंटचं जेवढं नुकसान होतं तेवढं आजाराने पण होत नाही असं मला खरंच वाटतं, कारण मग माणूस सांगायचंच बंद करतो आणि एकटाच भिंत धरून चालत राहतो.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी नीट नाव दिलं, पीपीपीडी. पर्सिस्टंट पोश्चरल परसेप्च्युअल डिझिनेस. तीन महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस राहणारी चक्कर, जी उभं राहिल्यावर, हलल्यावर आणि डोळ्यांसमोर गजबज असली की वाढते. याचे निकष २०१७ मध्ये ठरले, तेव्हा नाव नवीन आहे पण आजार नवीन नाही, १९८६ पासून वेगवेगळ्या नावांनी त्याचं वर्णन होत आलंय. होतं काय, तर आपला तोल कान, डोळे आणि पाय-सांध्यांकडून येणारी जाणीव या तिघांवर चालतो. कानाने एकदा दगा दिला की मेंदू डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवतो आणि शरीर ताठ धरतो, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना आपण चालतो ना तसं. कान बरा झाल्यावर हे सुटायला हवं. काहींचं सुटत नाही, पायऱ्या कधीच्या वाळल्यात पण चालणं तसंच राहतं. म्हणून रिपोर्टमध्ये काही दिसत नाही आणि तरी त्रास शंभर टक्के खरा असतो.

आता अशा माणसाचं काम काय, तर साड्या उलगडणं. चेक्स, रेघा, बुट्टे, जर, समोर दहा बायका एकदम बोलतायत, मागे आरसे, वर पंखे. पीपीपीडीवाल्याला त्रास देणाऱ्या गोष्टींची यादी काढली तर त्यांचं दुकानच तयार होईल. शेठ चांगले होते, म्हणाले बसून बिलं करा. पण काका म्हणाले मला गादीवरच परत जायचंय. मला ते फार आवडलं.

डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली गोळी, एरवी नैराश्य-चिंतेवर देतात ती, अगदी कमी डोसने सुरू केली होती, चक्कर दाबणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद केल्या, त्या दीर्घकाळ घेतल्या की मेंदूला नवीन जुळवून घेणं अवघड जातं. मी व्यायाम सुरू केले. भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून मान हलवणं, मऊ गादीवर उभं राहणं, वळून चालणं. आणि त्यांचा खास व्यायाम काकूंच्या कपाटातून आला. आधी प्लेन साड्या पलंगावर उलगडायच्या, मग बुट्टीच्या, मग नारायणपेठ चेक्स, सगळ्यात शेवटी बारीक रेघांची एक साडी होती ती, तिला काका हातच लावायचे नाहीत. चक्कर दहापैकी पाचला गेली तर तिथे थांबायचं आणि ती आपोआप खाली येऊ द्यायची, आडवं व्हायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. काकू घड्या घालायच्या आणि ते परत उलगडायचे. नंतर आम्ही सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्टेशनवर गेलो, तिथले लांबलचक सरकते जिने, पहिल्या दिवशी काका वरूनच परत फिरले होते, नंतर नंतर कठडा न धरता उतरायला लागले.

सात महिने गेले. आकडे छान होते, रोज रात्री आठला त्यांचा फोन यायचा, "मॅडम आज दोन," "आज तीन, मंडईत गेलो होतो." मी लिहून ठेवायचे. मला वाटायचं किती नीट चाललंय सगळं.

तुळशीचं लग्न झालं की लक्ष्मी रोडला बस्त्यांची गर्दी सुरू होते, त्या आठवड्यात काका कामावर आले आणि पहिल्या दिवशी मी सोबत गेले. साडेदहाला दुकान उघडलं. पहिली दोन गिऱ्हाइकं मस्त गेली. त्यांचा हात बघण्यासारखा आहे हो, साडी अशी फेकतात की ती हवेतच उलगडून पदर बरोबर गिऱ्हाइकासमोर येऊन पडतो. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते आणि मनातल्या मनात मोजत होते, वर बघणं, खाली वाकणं, झटकन मान वळवणं, आमच्या व्यायामाच्या तक्त्यातलं सगळं या कामात आपसूक होतंय.

मग साडेबाराला बस्ता आला. अकरा माणसं, त्यात दोन आत्या, एकीला काही पसंत पडेना. गादीवर साड्यांचा ढीग झाला आणि मी बघितलं की काकांचा डावा हात कपाटाच्या कडेला गेलाय. आणि आरशात पंखा फिरत होता त्याकडे नजर गेली असणार, एकदम चेहरा उतरला, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्धी उठलेसुद्धा. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ते सकाळपासून हेच करतायत. साडी फेकली की आधी माझ्याकडे बघतात, मग गिऱ्हाइकाकडे. मी मान हलवते, ठीक आहे अशी, मग पुढची साडी. भिंत सुटली, काठी सुटली, खिशातली ती जुनी गोळी सुद्धा सुटली होती, आणि आता ते मला धरून उभे होते. रोजचा आठचा फोन पण तेच होतं. दिवसभर स्वतःला तपासत राहायचं, किती झालं, दोन का तीन, आणि रात्री माझ्याकडून खात्री करून घ्यायची. पीपीपीडी जिवंत राहतो तो या तपासण्यावरच, हे मी प्रत्येक पेशंटला सांगते, आणि मीच सात महिने वहीत आकडे लिहीत होते. सुरुवातीला ते लागतात, नाही असं नाही, पण थांबवायचे कधी हे मला कळायला हवं होतं.

मी त्यांच्याजवळ गेले, हळू म्हणाले, "काका, मी निघते."

"आत्ता?" त्यांचा आवाज मी विसरणार नाही. "मॅडम, थोडं थांबा, आत्ता डुलतंय."

"डुलू दे. त्या आत्याबाई काय म्हणतायत बघा, त्यांना मोरपंखी हवाय." आणि मी चप्पल घालून खाली उतरले.

पुढची चाळीस मिनिटं मी गल्लीतल्या अमृततुल्यमध्ये बसले होते. खरं सांगते, मला भीती वाटत होती. काका पडले तर, गिऱ्हाइकासमोर बसकण मारली तर, परत कधी गादीवर चढणार नाहीत, सात महिने पाण्यात. फोन दोनदा हातात घेतला, नाही केला. मग परत गेले पण आत नाही, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, गर्दीत, काचेतून दिसत होतं.

काका उभे होते. गडद मोरपंखी पैठणीचा पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून, निऱ्या एका हाताने धरून ते काठ दाखवत होते, मान पूर्ण मागे टाकून वरच्या रॅककडे बोट करून पोऱ्याला काहीतरी काढायला सांगत होते आणि डावा हात, मी मुद्दाम बघितला, मोकळा होता. ज्या आत्यांना काही पसंत पडत नव्हतं त्या पदर दोन बोटांत धरून बघत होत्या. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते, लोक धक्के देऊन जात होते, डोळे भरून आले होते.

त्या रात्री आठ वाजले, साडेआठ झाले. फोन नाही. करावा का असं शंभरदा वाटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आला, मागे दुकानाचा कलकलाट.

"मॅडम, तुम्ही मागे म्हणाला होता आईंना इरकल हवी म्हणून, काल माल आलाय, एक हिरवी बाजूला काढून ठेवलीय. शनिवारपर्यंत ठेवतो, मग शेठ ओरडतील."

मी येते म्हणाले. चक्करेचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही. जानेवारीत सर्दीतापानंतर चार दिवस परत डुलायला लागलं होतं, ते मला काकूंकडून कळलं, तेही महिन्याभराने, ते कामावर जातच होते.