ठेकेदाराकडची उचलीची वही

रबाळे एमआयडीसीतली आमची कंपनी पॅकेजिंगचा माल बनवते, आणि त्यातला बराचसा माल एका ब्रिटिश कंपनीला जातो. त्यांच्याकडून 'आधुनिक गुलामगिरी'ची प्रश्नावली आली, ती एचआर म्हणून माझ्याकडे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी जाहीर करावं लागतं की, आपल्या कामात आणि पुरवठादारांकडे कुणाला जबरदस्तीनं राबवलं जाऊ नये म्हणून आपण काय केलं. हा कायदा आम्हाला थेट लागू नाही, पण ऑर्डर हवी तर उत्तरं द्यावीच लागतात.

वयाचे दाखले, हजेरी, पीएफची चलनं भराभर अपलोड झाली. गाडी अडली ती एका प्रश्नावर: कामगारांनी कामासाठी कुणाकडून आगाऊ पैसे घेतले आहेत का, आणि ते कसे फेडले जातात? पुरावा जोडा.

आमच्या पे-रोलवरच्या माणसांचं सांगता येत होतं. पण पॅकिंग आणि लोडिंगची मुलं ठेकेदाराची, बहुतेक ओडिशा आणि बिहारमधली. त्यांना गावाहून आणताना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. तिचा हिशेब ठेकेदाराच्या वहीत, आणि वही तुर्भ्याच्या त्याच्या ऑफिसात.

त्या ऑफिसाबाहेरच्या बाकड्यावर मी किती तास घालवले याचा मला आजही संताप आहे. आधी मुनीम सुट्टीवर होता. मग वही सीएकडे गेली होती. मग "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, मी लेटरहेडवर लिहून देतो ना, कुणाकडे काही बाकी नाही." ते पत्र त्यानं माझ्यासमोर दोन मिनिटांत टाइप करून शिक्का मारून दिलं, आणि मी ते फाइलला लावलं नाही. वही दाखवायची नाही, पण वहीत काही नाही असं लिहून द्यायची एवढी घाई, म्हटल्यावर वहीत काहीतरी होतंच.

इकडे आमचे सर म्हणायचे, "अगं, 'नाही' वर टिक कर, सगळे तेच करतात." मी त्यांच्यासमोर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा ठेवला. नुसती उचल देणं गुन्हा नाही. पण उचलीपायी माणसाला दुसरीकडे काम धरता येत नसेल, कुठे जाता येत नसेल, किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबावं लागत असेल, तर ती वेठबिगारी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि खटला उभा राहिला तर ते कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरचं काम हीच सक्तीची मजुरी ठरवली. सरांनी ते वाचलं, आणि टिक करायचा आग्रह सोडला.

तोवर पोर्टलवर 'पुरावा अपूर्ण' असा लाल शेरा बसला होता. खरेदीदाराकडून रोज मेल. ठेकेदाराकडून रोज "उद्या नक्की".

शेवटी मी वहीची वाट बघणं सोडलं आणि मुलांशी बोलले. हे सुरुवातीलाच करा असं मी प्रत्येकाला सांगते, पण कॅन्टीनमध्ये नाही आणि ठेकेदाराच्या मुकादमासमोर तर मुळीच नाही. रविवारी दिघ्यातल्या त्यांच्या खोल्यांवर गेले, उडिया बोलणारा आमचा मशीन ऑपरेटर बरोबर. पगार खात्यात येतो? येतो. मग एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, एटीएम तो मुकादम के पास रहता है." आधार कार्डंही त्याच्याचकडे, 'पीएफच्या कामासाठी'.

ज्यांनी आपणहून पासबुक दाखवलं, त्यांच्या नोंदी मी शेजारी शेजारी ठेवल्या. पगाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या खात्यांतून पैसे निघालेले, एकाच एटीएममधून. बँक ट्रान्सफरची जी यादी आम्ही अभिमानानं अपलोड केली होती, ती खरी होती आणि तरीही मुलांच्या हातात पगार पडत नव्हता. म्हणून सांगते, ट्रान्सफरची यादी म्हणजे पगार पोचल्याचा पुरावा नव्हे.

या नोंदी घेऊन सर स्वतः तुर्भ्याला आले. त्या दिवशी वही निघाली. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे दरमहा गाडीभाड्याची कपात होती. प्रवासासाठी दिलेली आगाऊ रक्कम पगारातून कापता येत नाही, असं वेतनाचा कायदा स्पष्ट सांगतो. ती कपात बंद झाली, आधी कापलेले पैसे ठेकेदाराला परत करावे लागले, आणि एटीएम-आधार मुलांच्या हातात आम्ही आमच्या गेटवर, सह्या घेऊन दिले. तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात समाधानाचा.

एक चूक टाळा: रागाच्या भरात ठेकेदाराचं बिल अडवू नका. बिल अडलं की मुलांचा पगार अडतो, आणि ठेकेदारानं पगार दिला नाही तर कायद्यानं तो मूळ मालकाला, म्हणजे आपल्या कंपनीलाच, द्यावा लागतो. त्याला तडकाफडकी काढलंत तर मुलांची नोकरी जाते आणि उचल मात्र डोक्यावर राहते. आम्ही नव्या करारात लिहून घेतलं: उचलीचं रजिस्टर दर महिन्याला आमच्याकडे, मूळ कागदपत्रं फक्त कामगाराकडे.

याच तुर्भ्यात एपीएमसीतल्या माथाडींची मजुरी १९६९ च्या कायद्यानं माथाडी मंडळामार्फत जमा होते. आमच्या मुलांना असं मंडळ का नसावं, हे मला अजून पटलेलं नाही.

आणि कुणाला सोडूनच देत नाहीत, धमकावतात असं दिसलं, तर फॉर्म बाजूला ठेवा. ते काम प्रांताधिकारी-जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. वेठबिगारीतून मुक्तीचं प्रमाणपत्र तिथूनच मिळतं, आणि पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून असते.

आमचा फॉर्म मंजूर झाला. पण सध्या नवीन शेडचं बांधकाम चालू आहे आणि विटा भिवंडीकडच्या भट्टीवरून येतात. ठाणे-रायगडमधली कातकरी कुटुंबं उचल घेऊन दिवाळीनंतर भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. खरेदीदाराच्या फॉर्ममध्ये बांधकामाचा रकानाच नाही. मी वीटवाल्याकडे मजुरांच्या उचलीचा हिशेब मागितला आहे. तोही सध्या "उद्या देतो" म्हणतोय.