डॉक्टर, मी काहीच घेत नाही

"आणखी कुठली औषधं चालू आहेत का?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तडक "नाही" म्हणाले. खोटं बोलायचं मनात नव्हतं. थायरॉईडची गोळी त्यांनीच लिहून दिलेली, ती सोडली तर मी खरंच काही घेत नव्हते. रात्री दुधातून अश्वगंधेचं चूर्ण, उशीला जटामांसीचं तेल, आठवड्यातून दोनदा खसखशीची खीर आणि सासूबाईंच्या हातचं जायफळ. आता ह्याला औषध कोण म्हणतं?

झोप उडाली ती एकोणपन्नासाव्या वर्षी. पाळी मागंपुढं व्हायला लागली, रात्री अंगातून वाफा निघायच्या आणि दोनच्या ठोक्याला डोळे टक्क उघडायचे. हे शेजारी घोरत असायचे. मी पंख्याची पाती मोजायची. तीनच असतात, तरी मोजायची. माझी जिल्हा परिषदेची शाळा लातूरहून बावीस किलोमीटरवर. एकदा चौथीच्या वर्गात पाढे म्हणवून घेता घेता उभ्या उभ्या डुलकी लागली. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुमचा खडू पडला." त्या दिवशी मी घरी येऊन सगळ्यांना सांगून टाकलं, मला झोप येत नाही.

सांगायला नको होतं. शुगर आहे म्हटलं की लोक डॉक्टरचं नाव सुचवतात. झोप येईना म्हटलं की थेट डबे उघडतात.

पहिला डबा सासूबाईंचा. त्यांची बाळगुटीची सहाण अजून आहे, माझी दोन्ही लेकरं तिच्यावरच मोठी झाली. बाळाला जायफळाचा एक वेढा, मोठ्या माणसाला दोन, असं त्यांचं साधं गणित. कोमट दुधात दोन वेढे उगाळून द्यायच्या. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी त्या नणंदेकडं उदगीरला गेल्या आणि मी शहाणपणा केला. दोन वेढ्यांनी एवढं होतं तर जास्त घेतल्यावर रात्रभर गाढ झोप लागेल, असं वाटून सहाण बाजूला ठेवली, किसणी घेतली आणि अर्धं जायफळ दुधात किसून प्यायले.

रात्री काहीच झालं नाही. सकाळी उठले तर तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली, घर गरगरतंय आणि छातीत धडधड. दुपारपर्यंत अंथरुणातच होते. शाळेत रजा कळवताना कारण काय लिहावं ते सुचेना. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि पाच-सहा ग्रॅम जायफळ, म्हणजे जेमतेम एक नग, माणसाला दवाखाना दाखवू शकतं, हे मी नंतर वाचलं. सासूबाई परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आगं, वेढा म्हणजे वेढा. किसायला ते काय गाजर हाय का?"

अश्वगंधा आली ती माझ्या भावामुळं. आमच्या औशाकडच्या शेताच्या बांधावर ही झुडपं लहानपणापासून पाहिलेली. आम्ही तिला डोरगुंज म्हणायचो. जनावरं तोंड लावत नाहीत. कागदी टोपीत लपलेली लाल-केशरी फळं आम्ही पोरं फोडत बसायचो, वांग्या-टोमॅटोच्या कुळातलीच ती. तिच्या लॅटिन नावातला 'सोम्निफेरा' म्हणजे झोप आणणारी, हे भावाला फोनवर कुठंतरी दिसलं आणि त्यानं बांधावरची मुळी उपटूनच आणली. मुळीला घोड्याच्या घामासारखा वास येतो, नाव उगाच पडलेलं नाही. मी ती मुळी काही वापरली नाही. गंजगोलाईत जाऊन काष्ठौषधीच्या दुकानातून चूर्ण घेतलं. (गोलाईतून सोळा रस्ते फुटतात. तीस वर्षं लातुरात राहूनही मी चुकीच्या रस्त्यानं बाहेर पडते, त्या दिवशीही पडले.) दुकानदार म्हणाला, "निर्धास्त घ्या ताई, झाडपालाय, साईड इफेक्ट नाही."

आणि खरं सांगायचं तर पहिले पंधरा-वीस दिवस छान गेले. पडल्यावर लवकर डोळा लागायचा. अश्वगंधेवर जे छोटे-मोठे अभ्यास झालेत त्यांतही थोडासा फायदा दिसतोच, तेव्हा हा सगळा मनाचा खेळ होता असं मी म्हणणार नाही. जटामांसीचं तेल मात्र मी वासासाठीच घेतलं होतं, आणि ही वनस्पती हिमालयात आता संपत चाललीय हे कळल्यावर बाटली पुन्हा आणली नाही.

मग दुसरंच सुरू झालं. फळ्यावर लिहिताना अक्षर थरथरायला लागलं. वजन तीन किलो उतरलं, आणि मला लाज न वाटता आनंद झाला. जिना चढताना छाती धडधडायची. झोप तर पहिल्यापेक्षा वाईट. आधी दोनला जाग यायची, आता बारालाच. मी काय केलं असेल? चूर्णाचा एक चमचा होता, तो दोन केला.

थायरॉईडची तपासणी दर सहा महिन्यांनी असते. त्यात टीएसएच बघतात; अंगात थायरॉईडचं संप्रेरक जास्त झालं की हा आकडा खाली येतो. मागच्या खेपेला तो ३.१ होता, ह्या वेळी ०.२. डॉक्टर गोंधळले. गोळी तीच, मात्रा तीच. "दोन-दोन गोळ्या तर घेत नाही ना?" नाही म्हटलं. "दुसरं काही?" तिथंच माझं ते "नाही" आलं. त्यांनी गोळीची मात्रा कमी करायला पेन उचललं, तेवढ्यात सोबत आलेले हे सहज बोलून गेले, "रात्री ते घोड्याचं चूर्ण घेते तेवढंच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, पण रागावले असते तर बरं झालं असतं. अश्वगंधेनं काही जणांचं थायरॉईडचं संप्रेरक वाढतं. माझ्यासारख्या आधीच गोळी घेणाऱ्याच्या अंगात ते जास्तीचं होतं आणि मग धडधड, थरथर, वजन उतरणं, झोप उडणं. झोपेसाठी घेतलेली वस्तूच झोप पळवत होती, आणि मी तिची मात्रा वाढवत होते. त्यांनी गोळी आहे तेवढीच ठेवली, चूर्ण बंद केलं. दोन महिन्यांनी टीएसएच २.६ आला. एका बाईच्या एका रिपोर्टवरून सगळा दोष अश्वगंधेचाच असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण मी तरी ते चूर्ण पुन्हा घेणार नाही.

माझा मावसभाऊ बीएएमएस आहे. वाटलं होतं तो तरी माझी बाजू घेईल. तो डॉक्टरांपेक्षा जास्त चिडला. "आम्ही नाडी बघतो, प्रकृती बघतो, बाकी काय चालू आहे ते विचारतो. तू दुकानदाराला विचारून खाल्लंस आणि नाव आयुर्वेदाचं?" मग थोडा निवळला आणि चरकाचं सांगायला लागला, आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, आणि झोप न येणाऱ्याला म्हशीचं दूध हितकर. मी म्हटलं, अरे, आपल्याकडं जन्मापासून म्हशीचंच दूध आहे की! त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं पायाला तूप लावून काशाच्या वाटीनं तळवे घासायला सांगितलं. ते मी अजून करते. त्याचा गुण तुपाचा, वाटीचा की दहा मिनिटं कुणी हाका मारत नाही त्याचा, मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं त्याहून रुक्ष होतं. शाळेतून आल्यावरचा साडेपाचचा चहा बंद. निजायचं साडेअकराला, आधी नाही. झोप येईना तर गादीवर लोळायचं नाही, उठून बाहेर बसायचं. आणि रात्र कशीही जावो, सकाळी साडेपाचला उठायचं म्हणजे उठायचं. पहिले दोन आठवडे मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

त्याच दिवसांत सुट्टीत माहेरी गेले होते. रात्री तीनला उठून ओट्यावर आले तर माय आधीच तिथं बसलेली. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून गाव निजलं होतं त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. आमचं माळवद खाली आलं नाही, नुसती भिंत फुगली. पण तेव्हापासून माय त्या वेळेला आत निजत नाही. मला हे माहीत होतं, पण इतक्या वर्षांत मी कधी तिच्यासोबत बसले नव्हते.

"तू काय करू लालीस हितं?" तिनं विचारलं.

"झोप येईना."

ती सरकली, मला पोत्यावर जागा दिली. कुठला डबा उघडला नाही की कुठली मुळी सांगितली नाही. आम्ही तुरीबद्दल बोललो, चुलतीच्या गुडघ्याबद्दल बोललो. मग तिनं आत डोकावून घड्याळ बघितलं, म्हणाली, "वाजले चार. चल, निजू आता." आणि पाच मिनिटांत तिचा डोळा लागला.

आता आठवड्यातल्या चार-पाच रात्री बऱ्या जातात. काल पावणेदोनला जाग आली, सव्वातीनपर्यंत गॅलरीत बसले होते. मागच्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा फाईलमध्ये स्वतःच्या हातानं यादी लिहून नेली, पोटात जे जे जातं ते सगळं. थायरॉईडची गोळी, कॅल्शियम, गुडघ्यासाठी मेथीदाणे, आणि शेवटी "जायफळ, दोन वेढे, सासूबाईंच्या हातचे". डॉक्टरांनी यादी खालपर्यंत वाचली. शेवटच्या ओळीपुढं बरोबरची खूण केली आणि कंसात लिहिलं, "किसणी नको."